पोटुशी बाईची दाढ

ब्रशवर रक्त दिसलं तेव्हा मला तिसरा महिना चालू होता. सकाळच्या कोरड्या ओकाऱ्यांनी मी आधीच बेजार झालेले, त्यात चूळ टाकली तर बेसिनमध्ये गुलाबी पाणी. घाबरून सासूबाईंना हाक मारली. त्यांनी वाकून बघितलं आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "उष्णता गो ती. पोटात पोर असलं की अंगातली उष्णता वर चढते. उद्यापासून ब्रश नको फिरवू, नुसत्या चुळा भर."

मी ब्रश ठेवून दिला. खरं सांगायचं तर बरंच वाटलं, कारण ब्रश तोंडात घातला की ओकारी यायचीच.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. आम्ही तुळिंजला राहायचो, दुसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. माझे यजमान सुधीर मुंबईला एका विमा कचेरीत नोकरीला. सासूबाई मूळच्या राजापूरकडच्या. मी वसईजवळच्या होळी गावची, भाजीच्या वाडीत वाढलेली. माझ्या आईला आम्ही भावंडं आय म्हणायचो आणि सासूबाईंना मी आई म्हणायचे. इथेही तसंच लिहिते.

हे लिहायला घेतलं ते एवढ्याचसाठी की त्या महिन्यांत मला जे झालं त्याची आमच्या बिल्डिंगमध्ये एक वेगळीच गोष्ट होऊन बसली. ती गोष्ट अजून फिरते. खरं काय झालं ते माझ्याशिवाय कोण सांगणार?

बायका काय म्हणायच्या

पाणी भरायला टँकरपाशी उभ्या राहिलो की गरोदर बाईला सल्ल्यांची कमी नसायची. पोटातलं बाळ आपली हाडं आईच्या दातांतून घेतं, म्हणून दर बाळंतपणाला एखादा दात जायचाच, त्याचं काय वाईट वाटून घ्यायचं? दाताची नस थेट गर्भापर्यंत जाते. दाताचं इंजेक्शन घेतलं तर पोराचा ओठ फाटतो. हिरड्यांतून रक्त गेलं तर चांगलंच, घाण निघून जाते. तळमजल्यावरच्या पाटीलकाकूंनी तर तोंड उघडून दाखवलं मला. "ही फट थोरल्याची, ही मधलीची," त्या हसत म्हणाल्या. पोरांच्या नावाने दात मोजत होत्या त्या, आणि त्यात थोडा अभिमानही होता.

मला यातलं काही खोटं वाटत नव्हतं. वाटायला कारणही नव्हतं. माझ्या आयचेही पुढचे दात तिशीतच गेलेले. ती म्हणायची, "पोरं झाली, दात गेले. बायकांचं असंच असतं, बाय."

पाचव्या महिन्यात उजवीकडची खालची मागची दाढ ठणकू लागली. तिच्यात आधीपासून कीड होती, पण कधी त्रास नव्हता. आता गार पाणी लागलं की कानापर्यंत कळ जायची. लवंगेचं तेल झालं, हिंगाची गोळी दाबून झाली. मग आईंनी आपली मिश्रीची डबी पुढे केली. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटावर घेऊन दाढेवर चोळली की डोकं जरा गरगरायचं आणि ठणका उतरायचा. दिवसातून दोनदा लावायचे, मग तीनदा. आईंनी ते प्रेमाने दिलं होतं. त्या स्वतः आयुष्यभर तीच लावत आलेल्या.

पहिला डॉक्टर

शेवटी सुधीर मला स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तरुण होता बिचारा, नवा दवाखाना, खुर्चीवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. मी खुर्चीत आडवी झाले, त्याने दिवा खाली ओढला, आणि मी म्हटलं, "मला पाचवा महिना आहे." त्याचा हात तिथेच थांबला.

"मग मी हात लावत नाही," तो म्हणाला. "उगाच रिस्क नको. डिलिव्हरी झाल्यावर या."

"पण तोवर दुखेल ना?" सुधीर म्हणाले.

"साध्या गोळ्या घ्या. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा."

घरी आल्यावर आई म्हणाल्या, "बघ. डॉक्टर शिकलेला, तोही तेच बोलला." मी दुखणं अंगवळणी पाडून घ्यायला लागले. डाव्या बाजूने चावायचं, गरम प्यायचं नाही, गार प्यायचं नाही. भाकरी सोडली, पेज आणि मऊ भात सुरू झाला. रात्री उजव्या कुशीवर झोपणं बंद झालं.

निदानाचा दिवस

सातव्या महिन्यात एके सकाळी उठले तर गाल सुजला होता. आईंनी आंबेहळदीचा लेप लावला, कापडाने शेकलं. दुसऱ्या दिवशी सूज हनुवटीखाली उतरली. तिसऱ्या दिवशी ताप भरला आणि जबडा उघडेना. चमचा आत जाईना. आवंढा गिळायला गेले की गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं, म्हणून मी गिळणंच टाळायला लागले. लाळ ओघळायची, ती रुमालाने टिपत बसायचे. बोलायला गेले तर नुसतं गुरगुरणं.

त्याच दिवशी प्रसूतिगृहात नेहमीच्या तपासणीची तारीख होती. तिथल्या डॉक्टरबाईंनी माझ्या पोटाकडे बघितलंच नाही. मी दारातून आत येतानाच त्या खुर्चीतून उठल्या. हनुवटीखाली दाबून बघितलं, सुधीरना म्हणाल्या, "घरी जायचं नाही. इथूनच वसईच्या हॉस्पिटलला न्या. आत्ता."

रिक्षात मी मध्ये, एका बाजूला सुधीर, दुसऱ्या बाजूला आई. प्रत्येक खड्ड्याला एक हात जबड्याला आणि एक पोटाला. त्या सबंध रस्त्यात बाळ हललं नाही. तापात पडलेल्या आईचं बाळ शांत राहतं, असं मला नंतर कोणीतरी सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की ते हलत नाहीये, आणि हे मला कोणाला सांगताही येत नाहीये.

माझ्या डोक्यावरून चाललेलं बोलणं

हॉस्पिटलमधले सर्जन वयस्कर होते, बोलणं तुटक. त्यांनी सांगितलं, दाढेच्या मुळाशी पू झालाय, तो जिभेखाली आणि मानेकडे पसरतोय. बाहेरून हनुवटीखाली छेद देऊन पू काढायचा, सलाईनमधून औषधं द्यायची आणि तोंड उघडायला लागलं की दाढ काढून टाकायची.

"दाढ काढायची?" आई एकदम पुढे झाल्या. "डॉक्टर, सातवा महिना आहे हिला. दाढेला हात लावलात तर पोटातलं पोर राहायचं नाही."

"आणि नाही लावला तर? सूज गळ्यात उतरली तर हिला श्वास घेता येणार नाही. मग दोघंही जातील."

"नुसत्या औषधांवर नाही होणार?" सुधीरनी विचारलं.

"औषधं देणारच आहे. पण आत पू साठलाय. त्याला वाट करून द्यायलाच हवी."

"सुधीर, सही करू नको," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता, आजूबाजूची माणसं बघत होती. "मी सांगते ना. दाढ काढली की पोर जातं. मला माहीत आहे."

सुधीर आईंकडे बघत होते, मग डॉक्टरांकडे, मग पुन्हा आईंकडे. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. मी स्टूलवर बसले होते, तोंडाला रुमाल लावून. आयुष्यात कधी नव्हे इतकं बोलायचं होतं मला, आणि दात एकमेकांवर घट्ट बसले होते. या माणसांचं माझ्यावर प्रेम होतं, तरी माझा निर्णय माझ्या डोक्यावरून चालला होता. त्या क्षणी मरणाची भीती वाटली त्याहून जास्त राग आला.

डॉक्टरांच्या ते लक्षात आलं असावं. ते माझ्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला काय हवंय? मानेने सांगा."

मी त्यांचं मनगट धरलं, त्यांचा हात ओढून माझ्या जबड्यावर ठेवला आणि होकाराची मान हलवली. हलवतच राहिले.

सुधीरनी सही केली. आई उठून व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन पाठमोऱ्या बसल्या.

वॉर्ड

छेदाबद्दल फार लिहीत नाही. गुंगीचं मोठं औषध देता येणार नव्हतं, जागा बधिर करून केलं सगळं. दुखलं. पण पू निघाल्यावर जो हलकेपणा आला, तो आठवला की अजून डोळे भरतात. कितीतरी वेळाने मी एक घोट पाणी गिळलं.

शेजारच्या खाटेवर फिलोमिना मावशी होती, जवळच्याच एका गावातली, पायाचं हाड मोडून पडलेली. संध्याकाळी जपमाळ घेऊन पुटपुटायची, मग माझ्याकडे वळायची. माझ्या हनुवटीखाली नळी, तोंड जेमतेम किलकिलं. सिस्टर पातळ पेज ठेवून जायची, पण ती कपातून घ्यायला गेलं की सगळी अंगावर. मावशीने आपल्या मुलाला सांगून चोच असलेलं भांडं मागवलं, लहान बाळाला औषध पाजतात तसलं. म्हणाली, "आता घे बाय. तुला नाय, पोटातल्याला दे."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि दुपारी बाळाने लाथ मारली. मला सांगता येईना म्हणून मी मावशीकडे बघून पोटाकडे बोट दाखवलं. तिने झोपल्या झोपल्याच क्रूसाची खूण केली.

आई रोज डबा घेऊन यायच्या. डबा ठेवायच्या, माझे केस विंचरायच्या, वेणी घालायच्या. सुधीरशी बोलायच्या नाहीत. माझ्याशीही कामापुरतंच. तोंड दोन बोटं उघडायला लागल्यावर दाढ काढली, तेव्हा त्या आल्या नाहीत.

जे व्हायला नको होतं ते

हॉस्पिटलमधून मला होळीला माहेरी नेलं. अंगणात खाट टाकून आय मला पेज भरवायची, दर थोड्या वेळाने म्हणायची, "पानी पी, बाय. सुकलीस गो." वाटलं, संपलं आता. आणि एका सकाळी, पूर्ण दिवस भरायला अजून बराच अवकाश असताना, कळा सुरू झाल्या.

मुलगी झाली. तिचा तळवा माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा जरासाच मोठा होता. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मी काचेला हात लावून बसायचे. दूध काढून द्यायचे, ते नळीतून तिच्या पोटात जायचं. आई आल्या, पेटीसमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी सांगितलं होतं."

 

बाळाच्या डॉक्टरांना मी एकटं गाठून विचारलं, हे दाढ काढल्यामुळे झालं का? ते म्हणाले, "नक्की कारण सांगता येत नाही. अंगात एवढं इन्फेक्शन, एवढा ताप असला की कळा लवकर येऊ शकतात. कधीकधी काहीच कारण सापडत नाही. पण तो पू तसाच राहिला असता तर आज तुम्ही माझ्याशी बोलत नसतात."

मुलगी जगली. मानसी तिचं नाव. ती पेटीतून बाहेर आली, घरी आली, इतर मुलांपेक्षा उशिरा का होईना, बसली, चालली.

पण आमच्या बिल्डिंगमध्ये जी गोष्ट फिरली ती अशी: दुसऱ्या मजल्यावरच्या वैशालीने सातव्या महिन्यात दाढ काढली, म्हणून पोर अपुऱ्या दिवसांचं झालं. सूज, ताप, बंद पडलेला जबडा, यातलं काही त्या गोष्टीत नव्हतं. नव्या गरोदर बायकांना पाटीलकाकू माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या. माझ्या हनुवटीखालचा व्रण हाच पुरावा. मी जिन्यात उभी राहून दोघी-तिघींना खरं सांगायचा प्रयत्न केला. त्या ऐकून घ्यायच्या आणि मानसीच्या बारीक पायांकडे बघायच्या.

रेखा

मानसी दोन वर्षांची झाली तेव्हा माझ्या नणंदेला, रेखाला, दिवस गेले. तिचं सासर आगाशीला. पाचव्या महिन्यात आई आणि मी तिची ओटी भरायला गेलो. रेखाने पेढा हातात घेतला आणि तसाच ताटलीत ठेवला. चहा निववून घेतला, तोही डाव्या बाजूने. मला दुसरं काही बघायची गरज नव्हती.

तिला मागच्या पडवीत नेलं. "किती दिवस दुखतेय?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनी, आईला सांगू नका. मी सहन करीन. तुमचं काय झालं ते माहीत आहे मला. मला माझं पोर अपुऱ्या दिवसांचं नको आहे."

माझंच दुखणं, माझीच पोरगी, आणि त्यांच्याच नावाने ही पोर किडलेली दाढ तोंडात दाबून बसली होती. मी तिला पहिल्या दिवसापासून सांगितलं. रक्त आधी आलं, ठणका आधी, सूज आधी, ताप आधी. दाढ सगळ्यात शेवटी निघाली. पाचव्या महिन्यातच निघाली असती तर कदाचित हनुवटीखाली छेद द्यायची वेळ आली नसती.

"आणि मला काही झालं तर?" तिने विचारलं.

काही होणार नाही, असं मी म्हणाले नाही. "आधी तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना विचारू. मग मी तुझ्याबरोबर येईन," म्हणाले.

मागे वळले तर आई दारात उभ्या. किती वेळ होत्या कोण जाणे. आता कडाक्याचं भांडण होणार म्हणून मी पदर खोचला. आई रेखाजवळ गेल्या, तिची हनुवटी वर केली आणि म्हणाल्या, "तोंड उघड." बराच वेळ आत बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं?"

विरारला एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी रेखाला आधी नीट समजावलं. दाढेपुरतंच बधिर करायचं इंजेक्शन असतं, मधले महिने त्यासाठी बरे असतात, आणि गरोदरपणात हिरड्या सुजतात म्हणून दात घासणं सोडायचं नसतं, उलट मऊ ब्रशने जपून घासायचे. मिश्रीचं नाव निघताच त्या म्हणाल्या, "तो तंबाखूच आहे, बाळाला चालणार नाही." आई ऐकत होत्या. रेखाने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. दाढ निघाली. बाहेर येताना ती तोंडात कापूस धरून रडत होती, पण ते दुखण्याचं रडणं नव्हतं.

तुम्हाला दिवस गेले असतील आणि दात दुखत असेल तर एवढंच सांगेन: लपवू नका, आणि एका डॉक्टरने परत पाठवलं तर दुसऱ्याकडे जा. माझा जबडा अजून पूर्ण उघडत नाही. जांभई आली की हाताने धरावा लागतो.

आगाशीचा स्टँड

रेखाला घरी सोडून आई आणि मी आगाशीला एसटीची वाट बघत बसलो होतो. दुपार उतरत होती. आईंनी हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

"सुधीरच्या आधी एक होता," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"माझीही दाढ सुजली होती. ताप होता. गावात एक माणूस पकडीने दात काढायचा. सासूला न सांगता गेले मी, सहनच होईना. दाढ काढली आणि चार-आठ दिवसांत पोट पडलं. मुलगा होता." त्या रस्त्याकडे बघत बोलत होत्या. "सगळे म्हणाले, हिने दाढ काढायला जाऊन पोर घालवलं. सुधीरचे बाबाही म्हणाले."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये त्या ओरडत होत्या, "मला माहीत आहे," तेव्हा मला वाटलं होतं ऐकीव बोलतायत.

"आज त्या डॉक्टरबाई बोलल्या," त्या म्हणाल्या, "तू पण रेखाला सांगत होतीस, सूज आधी, ताप आधी. माझाही ताप आधीच होता गो." मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं. "वैशाली, म्हणजे ते दाढेने झालं नसेलही ना?"

माझ्या स्वतःच्या बाबतीत डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नव्हतं. तीसएक वर्षांपूर्वीच्या त्या तापाचं, त्या पकडीचं मी काय सांगू? जे मला ठाऊक नव्हतं ते मी बोलले नाही.

"आई, तुमच्यामुळे नाही झालं," मी म्हणाले. "तुम्हाला दुखत होतं. तुम्ही इलाज शोधायला गेलात."

एसटी आली. माणसं चढायला लागली, कंडक्टरने आमच्याकडे बघून हाक मारली. आई हलेनात. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी पिशवी सोडून माझा हातच धरला.

"परत एकदा बोल," त्या म्हणाल्या.

मी परत बोलले. एसटी निघून गेली.